तारा अजून घाटातच आहे

"काही न्हाई, दोघी मिळून एका बाईला रानातनं घरला न्यायलोय."

स्वयंपाकघरातून आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता. मी बाहेर सोफ्यावर गेमचा कंट्रोलर हातात धरून बसले होते. टीव्हीच्या पडद्यावर पिकल्या केसांची, पाठीला धनुष्य लावलेली एक बाई ओढ्याकाठी आमची वाट बघत उभी होती. खेळ मी थांबवून ठेवला होता, कारण आईंशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलेलं होतं.

"कुणाची बाई?" तिकडून, गडहिंग्लजहून, बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी विचारलं.

"आपलीच. तारा नाव हाय तिचं."

बाबांनी ते नाव एकदा स्वतःशीच म्हटलं. मग म्हणाले, "बरं बरं. जपून न्या."

आई पदराला हात पुसत बाहेर आल्या, सोफ्याच्या त्यांच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चल गं. भिजली आसंल आपली बया."

इकडे परदेशात दरवर्षी मार्चच्या शेवटी घड्याळं एक तास पुढे करतात आणि सिटीवेस्टच्या आमच्या बाल्कनीत संध्याकाळ अचानक लांबते, तेव्हा मला हे आठवतं. काल कचरा टाकायला खाली गेले तर तळमजल्यावरची बर्नी भेटली. ठरल्याप्रमाणे म्हणाली, "ग्रँड स्ट्रेच इन द इव्हनिंग्ज." या दिवसांत इथे प्रत्येक माणूस प्रत्येक माणसाला हे एकच वाक्य सांगतो. संध्याकाळी किती छान लांबल्यात, बघ. मी खेळते त्या गेममधल्या गावकऱ्यांनाही असंच एकेक वाक्य दिलेलं असतं. पाणवठ्यावरच्या बाईजवळून कितीही वेळा जा, ती म्हणणार, यंदा पाऊस लवकर आला. मी बर्नीला माझं वाक्य दिलं, "इट इज, यॉ," आणि वर आले. वर येऊन कितीतरी दिवसांनी टीव्हीखालचा तो गेमचा डबा सुरू केला. साठवलेल्या खेळांच्या यादीत सगळ्यात खाली तारा होती. शेकोटीपाशी, बर्फात, जशी सोडली होती तशी.

आई आल्या होत्या दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. बाबा आलेच नाहीत. गडहिंग्लजला त्यांचं कापडाचं लहानसं दुकान, ते बंद ठेवायचं त्यांच्या जिवावर यायचं. आईंचं मे महिन्याचं परतीचं तिकीट होतं. मार्चमध्ये जग बंद झालं. व्हिसाची मुदत इथल्या सरकारनंच परस्पर वाढवली, मग पुन्हा वाढवली. पावसाळ्यात दादा, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणाले की आत्ता नको, इकडे फार पसरलंय. दिवाळीत पुण्याच्या माधुरीताई, माझ्या नणंदबाई, म्हणाल्या की थंडी सरू दे. निखिल, माझा नवरा, म्हणाला, लस येऊ दे. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. प्रत्येक वेळी आई म्हणाल्या, "तुमी म्हनशीला तसं."

त्यांना घरी जायचं होतं. हे त्या एकदाही बोलल्या नाहीत. पण त्यांनी आपले कपडे कपाटात कधीच लावले नाहीत. मी प्रेसमधला एक कप्पा रिकामा करून दिला होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो. आईंनी त्या कप्प्यात फक्त देवाचा छोटा फोटो ठेवला. साड्या बॅगेतच. रोज सकाळी बॅग उघडायची, एक साडी काढायची, धुतलेली घडी करून परत ठेवायची, चेन लावायची. वर्षभर. त्या चेनीच्या आवाजानं मला जाग यायची. मी अंथरुणात पडून तो आवाज ऐकायचे आणि काही बोलायचे नाही.

न बोलणं मला चांगलं जमतं. शाळेत मराठी बोललं की मिस डोळे वटारायच्या आणि घरी इंग्रजी बोललं की आजोबा. त्यामुळे तोंड उघडण्याआधी क्षणभर थांबायची सवय लागली. तो क्षण वर्षागणिक लांबत गेला. माझ्याकडे उत्तर नसतं असं नाही. चांगलं, नेमकं उत्तर असतं, पण ते माणसं उठून गेल्यावर येतं. म्हणूनच बहुतेक मला हे खेळ आवडायला लागले. त्यात तुम्ही एक माणूस घडवता आणि त्याच्या जागी राहून एका जगात फिरता. समोरचा प्रश्न विचारतो, आणि पडद्याच्या खालच्या बाजूला तीन-चार वाक्यं उमटतात. यातलं कुठलं बोलायचं ते निवडा. घाई नाही. चहा करून या. राजा सिंहासनावर तसाच ताटकळत बसतो. आयुष्यात मला कुणी इतका वेळ दिलेला नाही.

बहुतेक ठिकाणी शेवटचा पर्याय असतो, काहीच न बोलण्याचा. मी तोच निवडायचे.

नाताळ झाल्यावर सगळं पुन्हा कडक बंद झालं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. साडेचारला अंधार. निखिल झोपायच्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये, मी नोकरीच्या मुलाखतींचे रद्द झाल्याचे मेल वाचून संपवलेले, आणि आई मेथीची जुडी घेऊन सोफ्यावर. मी कानाला हेडफोन लावून, थोडी चोरट्यासारखी, खेळत होते. लग्न झालेली, सत्तावीस वर्षांची बाई सासूसमोर गेम खेळतेय, हे पुण्याला मम्मीला कळलं असतं तर तिनं कपाळाला हात लावला असता.

"त्या म्हाताऱ्यानं काय इचारलं?" आईंनी मेथी निवडता निवडता विचारलं.

मी एका कानावरचा हेडफोन काढला. "नदीच्या पलीकडे का जायचंय, म्हणून विचारतोय."

"मग सांग की."

"मी नाही काही बोलत. गप्प बसलं तरी चालतं."

आईंनी माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "तोंडात गुळणी धरून जग फिरायलीस व्हय? ते काढ कानातलं. आवाज येऊ दे. आनि काय काय म्हनायचं लिव्हलंय ते मला सांग."

अशी सुरुवात झाली. दोन दिवसांत त्यांना माझी नायिका अजिबात पटेनाशी झाली. फार तोऱ्यात चालते, म्हणाल्या. मग मी त्यांच्यासाठी नवा खेळ मांडला. त्यात आधी चेहरा घडवायचा असतो. नाक इतकं, कपाळ इतकं, वय इतकं. आईंनी वयाची पट्टी पार शेवटपर्यंत न्यायला लावली. केस पांढरे झाले, डोळ्यांखाली दोन रेघा आल्या, बाकी काहीच बदललं नाही.

"केस पिकलं, पर कंबर बघ की हिची! गुडघं दुखत न्हाईत व्हय हिचं?"

"तसं काही देत नाहीत आई यात."

"ज्यानं केलंय त्येच्या घरात म्हातारं मानूस नसनार."

मग काम निवडायचं होतं. योद्धा, वैद्य, मांत्रिक, चोर. मला वाटलं वैद्य म्हणतील. त्या मेथीचा देठ हातात धरून विचार करत बसल्या आणि म्हणाल्या, "चोरच बरं. कुनाला दिसत न्हाई, आनि कुटंबी जाता येतं."

शेवटी नाव. पडद्यावर रिकामी चौकट, त्यात लुकलुकणारी रेघ. मी म्हटलं, सुनंदा लिहू का? ते आईंचं नाव. त्या नको म्हणाल्या. मग हळू आवाजात, जणू दुसऱ्या कुणाची चुगली करताहेत अशा, म्हणाल्या, "तारा लिव्ह."

तारा त्यांचं माहेरचं नाव. मला माहीत नव्हतं. निखिललाही नीट माहीत नव्हतं. मामा 'तारे' म्हणून हाक मारायचा ते त्याला लाडाचं वाटायचं. लग्नात ताटात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीनं नवं नाव काढलं. आई वाचायला वाकल्या तर करवल्यांनी हसून मागे ओढलं, मोठ्या सासूबाईंनी वाचून सांगितलं. घरात आधीच एक तारा होती, बाबांची काकू. एका चुलीवर दोन तारा म्हणजे हाक मारली की गोंधळ. "खरं हाय की त्येंचं," आई म्हणाल्या. कुणावर राग नव्हता. "पर मला वाटलं हुतं, हे आधी इचारतील. कुटलं आवडंल म्हनून. मी एक इचार करून ठिवलेला."

"कुठलं?"

"आता कशाला ते," म्हणाल्या, आणि मेथीची काडी टाकली.

माझंही नाव बदलायचं निघालं होतं. सगळे माझ्याकडे बघत असताना मी म्हणाले होते, तुम्ही म्हणाल तसं. निखिल म्हणाला, पासपोर्ट, व्हिसा, सगळीकडे लफडं होईल, राहू दे. म्हणून मी रेवतीच राहिले. हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. "पासपोर्टानं राखलं बघ तुला!"

खेळातली सगळी बोलणी इंग्रजीत. ती मी मराठीत सांगायची, आईंनी उत्तर निवडायचं. बोलता बोलता मला कळलं की इंग्रजीत सगळे सगळ्यांना एकाच मापानं बोलतात, पण मराठीत आणताना प्रत्येकाशी नातं ठरवावं लागतं. पहारेकऱ्याला अरे म्हणायचं की अहो? आईंचे यावर ठाम नियम होते. राजाला 'अरे' ("मिसरूड फुटलेलं न्हाई अजून त्येला"), खानावळवालीला 'अगं बाई', आणि एक बोलणारं अस्वल होतं त्याला 'अहो', कारण "उगंच कशाला रागाला आनायचं." लग्न झाल्यापासून मी एवढं मराठी कधी बोलले नव्हते. घसा दुखायचा. निखिल पाणी प्यायला बाहेर यायचा, आम्हाला बघून थबकायचा. एकदा म्हणाला, "आई, ही तुला फसवतेय बरं का, पाहिजे ते सांगत असेल." आई म्हणाल्या, "तू जा तुज्या मीटिंगीत."

दुपारी प्रकाश असेपर्यंत आम्ही चालायला जायचो. लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, रुळांच्या कडेनं, ऑफिसांच्या रिकाम्या इमारतींमधून, तळ्यापर्यंत. पार्किंगमध्ये एक गाडी नाही, तळ्यात बदकं. आई साडीवर निखिलचं जुनं जाड जॅकेट आणि पायात माझे बूट घालून चालायच्या. एकदा थांबून त्यांनी विचारलं, "ते पाच किलोमीटर कुटं संपतंय?" मी फोनवर नकाशा काढून वर्तुळ दाखवलं. त्यात समुद्र येत नव्हता, विमानतळही नाही. खेळातही जगाला कड असते. जंगल पुढे दिसतं, डोंगर दिसतात, पण एका जागी पोचलं की बाई चालत राहते, पाय हलत राहतात आणि ती तिथंच असते. पहिल्यांदा ताराचं तसं झालं तेव्हा आई हसून हसून लोळल्या होत्या. तळ्याकाठी ते वर्तुळ बघताना हसल्या नाहीत. "चल," म्हणाल्या, "दही आंबट हुईल." दही हॉट प्रेसमध्ये लावलेलं असायचं, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं ना, त्यात. टॉवेलांच्या आणि चादरींच्या मध्ये आमचं पातेलं.

बर्नी तळमजल्याच्या दारात सिगरेट ओढत उभी असायची. दोन मीटरवरून ओरडून विचारायची, "हाउज मॅमी?" आई कशी आहे? आई हात वर करून म्हणायच्या, "ग्रँड!" ग्रँड म्हणजे छान, मजेत; तेवढं एक इंग्रजी त्या बर्नीकडूनच शिकल्या. पाऊस आला, ग्रँड. पाय दुखतोय, ग्रँड. बर्नी म्हणायची, तुझ्या सासूचं इंग्रजी माझ्याइतकंच आहे.

ताराला घाटापलीकडच्या गावात जायचं होतं. लढाईत गाव सुटलेलं, आता परतायचं, एवढीच गोष्ट. वाटेत लोक अडवायचे, कामं सांगायचे. आईंना मोठी युद्धं नको असायची. त्या लोकांच्या मडक्यातलं धान्य चोरायच्या आणि दुसऱ्या गावात उपाशी मुलाला नेऊन द्यायच्या. त्याचं खेळात काही बक्षीस नव्हतं. फेब्रुवारी संपता संपता आम्ही घाटाच्या तोंडाशी पोचलो. बाल्कनीत उजेड लांबायला लागला होता. घाटात मात्र बर्फ. फाटकावर पहारेकरी.

"घाट बंद आहे म्हणतोय," मी सांगितलं. "आपण काय म्हणायचं? एक, विनवणी करायची. दोन, धमकी. तीन, काहीतरी देऊ करायचं. चार, गप्प राहायचं."

"विनवनी कर. घर हाय म्हनावं पलीकडं."

पहारेकऱ्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, घाट बंद आहे.

खेळात मागे जाता येतं. मी मागे गेले, धमकी दिली. घाट बंद आहे. पुन्हा मागे, अंगठी देऊ केली. त्यानं हात मागे घेतला, घाट बंद आहे. गप्प राहिले. तो आपणहून म्हणाला, घाट बंद आहे. मला हे माहीत होतं. इतकी वर्षं खेळून एवढं कळतं की पुष्कळदा चारही वाटा एकाच दाराशी जातात. बनवणाऱ्यानं पुढचं सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. आपण निवडतो असं आपल्याला वाटावं, एवढीच त्याची करामत. मी आईंना ते सांगितलं. जरा शहाणपणानंच सांगितलं.

आई बराच वेळ पहारेकऱ्याकडे बघत होत्या. खेळ थांबलेला नसला तरी तो हलत नव्हता, फक्त श्वास घेतल्यासारखी छाती वरखाली होत होती.

"आसू दे," म्हणाल्या. "खोटं का आसंना, इचारलं तर खरं त्यानं."

मग आम्ही ताराला फाटकाजवळच्या शेकोटीपाशी बसवलं आणि खेळ साठवून ठेवला. घाट कधी उघडतो ते मला ठाऊक नव्हतं. आधी दुसरं कुठलं तरी काम पुरं करावं लागत असेल.

एप्रिलमध्ये तिकडची दुसरी लाट आली. रोज फोनवर कुणीतरी कुणाचं तरी नाव सांगायचं. इकडे निळं आभाळ, बाहेर झुडपांना पांढरा फुलोरा, मैदानात अर्ध्या चड्डीतली माणसं. खिडकीबाहेरचं आणि फोनमधलं एकाच दिवशी घडतंय यावर विश्वास बसायचा नाही. बाबांना ताप आला. चार दिवसांनी दादांनी त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात हलवलं. ऑक्सिजन लावला. आई फोन ऐकायच्या, बरं म्हणायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या. घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. सकाळी चेनीचा आवाज यायचा, उघडल्याचा, लावल्याचा, पुन्हा उघडल्याचा.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण ते मला शेवटाला ठेवायचं नाही. आईंचं तिकीट काढलं. ते विमान रद्द झालं. दुसरं काढलं, दुसऱ्या देशावरून. त्या देशानं मधल्या मधे दार लावलं. तिसऱ्याची चौकशी चालू असताना एका गुरुवारी सकाळी बाबा गेले. त्यांना नेताना दादांनी लांबून फोन धरला होता. चित्र सारखं अडकत होतं. आईंनी पदरानं फोनची काच पुसली, दोनदा. मग फोन निखिलच्या हातात दिला आणि हॉट प्रेसमधून दह्याचं पातेलं काढून आणलं, कारण ते काढायची वेळ झाली होती. त्या दिवशी दुपारी मी त्यांना जरा हवेत म्हणून खाली नेलं. बर्नीला काही माहीत नव्हतं. तिनं नेहमीसारखं ओरडून विचारलं, "हाउज मॅमी?" आई थांबल्या. हात वर केला. "ग्रँड," म्हणाल्या. त्यांच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. आईंना वर सोडून मी परत खाली आले आणि बर्नीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर कापडानं झाकलेला सफरचंदाचा टार्ट होता.

आई गणपतीनंतर गेल्या. विमानतळावर बॅग आत सोडताना त्यांनी चेनीवरून एकदा बोट फिरवलं. आता त्या दादांकडे कोल्हापुरात असतात. तिथेही साड्या बॅगेत ठेवतात, असं वहिनी म्हणतात. फोनवर त्या मला विचारतात, पगार वेळेवर होतो का, निखिल चिडतो का, बर्नी कशी आहे. आणि मधूनच, अगदी सहज, "ती पोचली का गं घरला?"

"नाही अजून. घाट बंद आहे."

"बरं. घाई करू नगं. शेकत बस म्हनावं तितंच."

काल मी तो खेळ उघडला तेव्हा वाटलं होतं, आज पुढे नेऊ. इंटरनेटवर शोधलं तर घाट कसा उघडायचा ते पाच मिनिटांत सापडेल. कुणीतरी सगळं सविस्तर लिहून ठेवलेलं असणारच. नाही शोधलं. थोडा वेळ ताराकडे बघत बसले. शेकोटीचा उजेड तिच्या पिकल्या केसांवर हलत होता. मग बंद केलं. अजून बाहेर लख्ख होतं.

पण मला आठवतो तो ऋतू बाबा गेले तिथे संपत नाही. तो त्याच्या आधीच्या, पहिलं तिकीट काढायच्याही आधीच्या, एका रविवारी येऊन थांबतो.

बाबांना दवाखान्यात नेऊन दोन दिवस झाले होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात कोल्हापूरहून मास्क हनुवटीवर ओढलेले दादा आणि पुण्याहून माधुरीताई. निखिल समोर बसलेला, मी त्याच्या शेजारी, अर्धी चौकटीत. आई मागे सोफ्यावर, त्यांच्या कोपऱ्यात, मांडीवर कोथिंबीर. कॅमेऱ्यात त्यांचा फक्त गुडघा येत होता.

"आईला आत्ता आणून करायचं काय?" दादा म्हणाले. "दवाखान्यात आत सोडत नाहीत. मलाच काचेतून बघू देतात. ती इथे येऊन दारात बसणार."

"आणि विमानात लागण झाली तर?" माधुरीताईंचा आवाज चिरकत होता. त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. "एक आत आहे, दुसरं नको. मला नाही झेपणार दादा."

"मी तेच म्हणतोय," निखिल म्हणाला. "फ्लाइटचा भरवसा नाही. मध्येच कुठे अडकली तर? तिला भाषा येत नाही. तिला इथेच ठेवूया."

कुणाचंही चूक नव्हतं. हेच फार अवघड होतं. सगळे तिच्यावर प्रेम करत होते, सगळे घाबरलेले होते, आणि सगळे 'ती', 'तिला', 'तिचं' म्हणत होते. आणि ती आमच्यापासून चार हातांवर कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला आणि पानं दुसऱ्या बाजूला करत होती. मी मान वळवून पाहिलं. पानांचा ढीग कधीच संपला होता. आई काड्या पुन्हा एकेक करून उचलत होत्या आणि त्यांवर पान नाही हे बघून परत ठेवत होत्या.

"मग ठरलं तर," दादा म्हणाले. "आणि रेवती आहेच की तिच्याजवळ. काय रेवती?"

लॅपटॉपवरचे दोन चेहरे माझ्याकडे वळले. निखिलही वळला. मला खालच्या बाजूला ती वाक्यं दिसायला लागली. हो दादा. तुम्ही म्हणाल तसं. बघूया. आणि सगळ्यात शेवटी, नेहमीचं, काहीच न बोलणं. त्यावर माझं बोट आपोआप जात होतं. घाट बंद आहे हे मलाही दिसत होतं. यातलं कुठलंही वाक्य म्हटलं तरी तो बंदच राहणार होता.

"रेवती?" निखिल म्हणाला. "आवाज येतोय ना?"

मी खुर्ची मागे सरकवली. ती फरशीवर करकरली. लॅपटॉपकडे पाठ करून मी सोफ्याकडे वळले. आईंनी वर पाहिलं, हातात एक काडी तशीच. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण तो आला, आणि माणसं उठून जायच्या आत आला.

"आई, तुम्हाला काय करायचंय?"